'ऑक्सिजन सेन्सर गेलाय' म्हणून बदलून देतात, आणि दिवा पुन्हा लागतो

डिझेल गाडी काळा धूर सोडते, पिकअप पडलेला, चेक इंजिनचा दिवा लागलेला. गॅरेजवाला मल्टिमीटर लावून दाखवतो, "बघा साहेब, व्होल्टेज हलतच नाही, सेन्सर गेला." हा ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसतो आणि धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजतो. सेन्सर बदलतो, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला बिघाडाचा कोड डिलीट करतो, दिवा विझतो. बिल हजारांत. पुढच्या आठवड्यात दिवा परत हजर.

मीटरवर दाखवलेलं खोटं नसतं, म्हणूनच गिऱ्हाईक फसतं. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली होणारा सेन्सर पेट्रोल गाड्यांचा, तोही जुन्या पद्धतीचा. डिझेलला वाइडबँड असतो, म्हणजे ऑक्सिजनचं नेमकं प्रमाण मोजणारा, बहुधा पाच वायरचा. तो ठणठणीत असला तरी असा हलत नाही.

खरी तपासणी स्कॅनरच्या (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लाइव्ह डेटावर, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांवर होते. इंजिन नीट गरम करा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला वेग घ्या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, क्लच न दाबता. इंजेक्टर बंद होतात, सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. ऑक्सिजनचा आकडा २१ टक्क्यांच्या जवळ चढला, तर सेन्सर बदलायचं कारण नाही.

मग कोड का येतो? किती हवा आत गेली आणि किती डिझेल मारलं, यावरून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) धुरात किती ऑक्सिजन उरायला हवा याचा हिशेब करतो. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा होज फाटला की मोजलेली हवा वाटेतच निसटते, हिशेब चुकतो आणि नाव सेन्सरचं येतं. होजच्या क्लिपपाशी तेलकट काळा डाग दिसतो का, ते आधी बघा. एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) घाण झाला किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला तरी तेच.

पी०१३५ सारखा, सेन्सर गरम करणाऱ्या त्याच्या आतल्या हीटरचा कोड असेल तर गोष्ट वेगळी. आधी फ्यूज आणि गरम पाइपला घासलेली वायर बघा. मग थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स मोजा: बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरमध्ये साधारण ३ ओम मिळतो. मीटरने सर्किट उघडं, म्हणजे आतून तुटलेलं दाखवलं तर सेन्सर खरंच गेला.

बदलायचाच असेल तर काम सुरू व्हायच्या आधी जुन्यावरच्या नंबरचा फोटो काढा आणि जुना पार्ट मागून घ्या. तोच पुसून परत लावणारे महाभाग आहेत. आणि जुना कनेक्टर कापून नव्या सेन्सरला जोडू देऊ नका. एलएसयू ४.९ च्या कनेक्टरमध्येच त्या एका सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो, दुसऱ्याचा लावला की रीडिंग चुकीचंच येणार.