ऑफ-सीझन सर्व्हिसच्या नावाखाली 19,855 रुपये: मुलांची क्वाड गॅरेजला देण्याआधी वाचा

सोलापुरात ज्यांच्या घरी मुलांची रेसिंग क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची छोटी मोटरगाडी, आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पावसाळा आला की आपल्याकडच्या काळ्या मातीत सराव बंद पडतो, आणि नेमके तेव्हाच ‘ऑफ-सीझन पॅकेज’चे मेसेज फिरू लागतात. गाडी घरून नेणार, पूर्ण खोलून सर्व्हिस करणार, दसऱ्याच्या आत आणून देणार. अशाच एका गॅरेजने आमच्याकडून 19,855 रुपये घेतले आणि 110 सीसीच्या इंजिनाचा एक बोल्टही सैल केला नाही.

हिशेब असा. पॅकेजचे 8,500 रुपये आगाऊ, दुकानाच्या क्यूआरवर. मग रात्री फोन: इंजिन खोललंय, क्रँकचं बेअरिंग गेलंय, आत्ता नाही बदललं तर कनेक्टिंग रॉड जाईल. (क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, कनेक्टिंग रॉड त्याला पिस्टनशी जोडतो.) पाठोपाठ हाताने लिहिलेल्या बिलाचा फोटो. इंजिन ऑइल अडीच लिटर 1,625, ऑइल फिल्टर 480, कूलंट एक लिटर 390, क्रँकची बेअरिंगं मजुरीसह 6,900, मागच्या ॲक्सलची बेअरिंगं 1,960. जादा एकूण 11,355. हे पैसे दुकानाच्या खात्यावर न घेता एका खासगी नंबरवर मागवले.

आता त्या बिलाच्या पहिल्या तीन ओळी पुन्हा वाचा. ही गाडी एअर-कूल्ड, म्हणजे हवेवर थंड होणारी, आहे. सिलिंडरवर पंख आहेत, रेडिएटर नाही, होज नाही. कूलंट ओतणार कुठे? या आडव्या सिलिंडरच्या चिनी बनावटीच्या इंजिनात बदलायचा ऑइल फिल्टर नसतोच. आत एक जाळी असते, ती रॉकेलने धुऊन परत बसवतात. आणि ऑइल बसतं 800 ते 900 मिली. अडीच लिटर भरलं तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) उसळून एअर फिल्टरच्या फोममध्ये येईल. तीन ओळी, तिन्ही धादांत खोट्या, आणि त्या डोळ्यांसमोर होत्या. आजही तो फोटो उघडला की डोकं तडकतं. पण इंजिन उघडं पडलंय असं सांगून 6,900 ची धास्ती घातल्यावर 390 च्या ओळीकडे कोण बघतं? हे बिल रात्री पाठवतात ते त्याचसाठी. ‘तुम्हाला एवढं कळतं तर फसलात कसे’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की ही माणसं जाणकारालाही घाईत गाठतात.

गाडी चकाचक धुऊन आली. टायरला काळं पॉलिश. क्रँकचं बेअरिंग बदलायचं तर हेड, सिलिंडर, मॅग्नेटो, क्लच सगळं उतरवून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. म्हणजे नवी गॅस्केटं आली, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा आल्या. इथे केसच्या बोल्टवर कंपनीच्या रंगाचे ठिपके जसेच्या तसे, आणि जोडावर गेल्या हंगामाची धूळ बसलेली. ड्रेन बोल्ट सोडला तर ऑइल डांबरासारखं. मागच्या ॲक्सलच्या मोठ्या नटांच्या खाचांत वाळून दगड झालेली माती तशीच. ती न खरवडता पाना बसतच नाही, मग 1,960 ची बेअरिंगं आत गेली कशी? कार्बोरेटर तर आमचा नव्हताच. त्याच मापाचा जुना, पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बुजलेला, चोकशिवाय गाडी चालू राहीना.

याहून संतापाची गोष्ट पुढे आहे. किल-स्विचची दोरी गायब, आणि स्विचच्या दोन वायरी सोडवून टेपने गुंडाळलेल्या. पोरगं गाडीवरून पडलं तर इंजिन बंद करणारी ती एकमेव वस्तू. थ्रॉटल हाऊसिंगवरचा वेग अडवणारा स्क्रू पूर्ण बाहेर काढलेला. टायरमध्ये 28 पीएसआय हवा! मुलांच्या क्वाडला साधारण 3 ते 5 पीएसआय लागते, टायरच्या कडेवर छापलेलं असतं. 28 वर टायर फुगून मधल्या पट्टीवरच टेकतो, गाडी उड्या मारते आणि वळणावर उलटते. सायकलच्या दुकानातल्या गेजवर 5 चा आकडा नीट दिसतही नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या.

पैशांचं राहू द्या, हे लेकराच्या जिवाशी खेळणं आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: आरसी बुक कुठाय? अहो, ही रस्त्यावर न चालणारी गाडी आहे, तिला पासिंग नाही, नंबर नाही. मग मालकी कशावरून? खरेदीचं बिल आणि चासी नंबर दाखवला तर म्हणे ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. खोटं बिल करून पैसे उकळले आणि पार्ट बदलला, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे ना? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. बँकेत गेलो तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुमचाच’. दुसऱ्या एका कचेरीतल्या साहेबांनी तर लहान मुलाला अशी गाडी देता कशाला म्हणून आम्हालाच सुनावलं. चोराचं नाव विचारायला कुणी तयार नाही, उलटतपासणी मात्र आमची!

तुमची गाडी द्यायचीच असेल तर आधी कार्बोरेटर, मॅग्नेटो कव्हर, केसचे बोल्ट आणि चासी नंबरचे जवळून फोटो काढा. केसच्या जोडावर नेलपॉलिशची आडवी रेघ मारा, केस उघडली तर ती तुटतेच. जुना पार्ट हातात आल्याशिवाय नव्याचे पैसे नाहीत. खासगी नंबरवर एक रुपयाही नाही. छापील, जीएसटी नंबर असलेलं बिल नसेल तर गाडी उचलून आणा.

खरं तर पावसाळ्यापूर्वीचं बहुतेक काम घरी होतं. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत जेट बुजवतं. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबा, वाळल्यावर फिल्टर ऑइल चोळा. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनवर 0.05 मिमी, प्लगचा गॅप 0.6 ते 0.7 मिमी. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. गाडी ठोकळ्यांवर उचला म्हणजे टायर एका जागी दबत नाहीत. ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रेशरचं पाणी मारू नका, सीलमधून आत जातं आणि दिवाळीपर्यंत गंज धरतो. सायलेन्सरच्या तोंडात बोळा घाला, पण चालू करताना तो काढायचा हे हँडलला चिठ्ठी लावून ठेवा.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, गॅरेजला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची आहे. आमची नोटीस गेली आहे. बिलाचा फोटो, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि त्या न उघडलेल्या बोल्टांचे फोटो सोबत जोडलेत. याच पद्धतीने गाडी नेऊन ‘क्रँकचं बेअरिंग’ सांगितलेले आणखी पालक असतील तर पुढे या, एकत्र तक्रार करू.