पंप सरकारी कंपनीचा घ्यावा का प्रायव्हेटचा?

भाच्याची नागपूरच्या उमरेड रोडला रोडटच दीड एकर जागा आहे आणि त्याच्या डोक्यात पेट्रोल पंप घुसलाय. रोज फोन, मामा सरकारी घेऊ का प्रायव्हेट. अजून दोघातिघांनी पण हेच विचारलं म्हणून इथंच लिहून टाकतो. मी अकरा वर्षं वर्धा रोडच्या एका पंपावर मॅनेजर होतो, तेवढ्यावरून बोलून राहिलो.

पहिले हे डोक्यातून काढा की आज जो बोर्ड लागला तोच शेवटपर्यंत राहते. आमच्या मालकाच्या गोडाऊनमध्ये एस्सो या जुन्या परदेशी तेल कंपनीचा पत्र्याचा बोर्ड पडला होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, लाल अक्षरं पार गंजलेली, आम्ही त्यावर ऑइलचे डबे ठेवायचो. १९७४ मध्ये सरकारने एस्सो घेतली आणि तिची एचपी म्हणजे हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, पुढं बर्मा शेलची भारत पेट्रोलियम झाली, कॅलटेक्स पण एचपीतच गेली. आयबीपी नावाची तेल कंपनी तर आमच्या डोळ्यादेखत २००७ मध्ये इंडियन ऑइलमध्ये विरघळली.

२०१८ मध्ये ओएनजीसी या तेल काढणाऱ्या सरकारी कंपनीने सरकारकडून एचपीचे ५१.११ टक्के शेअर घेतले, ३६,९१५ कोटींना. तेव्हा चहाच्या टपरीवर लय चर्चा, आता ओएनजीसीचा बोर्ड लागणार म्हणून. काही नाही झालं, बोर्ड एचपीचाच राहिला. मालक सरकारच, पैसा या खिशातून त्या खिशात.

पण म्हणून सरकारी म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही बरं. भारत पेट्रोलियममधला आपला सगळा ५२.९८ टक्के हिस्सा विकायचं सरकारने २०१९ मध्ये ठरवलं होतं, २०२२ च्या मे महिन्यात तो विषय गुंडाळला म्हणून ती आज सरकारी आहे.

प्रायव्हेटमध्ये मालक बदलला की जरा जास्त हलते. एस्सारचा तेलाचा धंदा २०१७ मध्ये रशियाच्या रोसनेफ्ट आणि इतरांनी जवळपास १३ अब्ज डॉलरला घेतला, त्याची नायरा झाली. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपियन युनियनने त्याच नायरावर निर्बंध घातले, मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस बंद केली, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली तेव्हा सुरू झाली. म्हणजे तू बसला उमरेड रोडला अन् टेन्शन ब्रुसेल्सचं, युरोपियन युनियनच्या मुख्यालयाचं. रिलायन्सच्या पंपांत २०२० पासून ब्रिटिश तेल कंपनी बीपी ४९ टक्क्यांची पार्टनर आहे, तिथं जिओ-बीपी नाव आलं, पण असला काही लफडा नाही झाला.

खरा फरक मात्र रेटचा आहे, इथं नीट लक्ष द्या. कागदावर पेट्रोलचा रेट २०१० पासून मोकळा, डिझेलचा २०१४ पासून, पण तिन्ही सरकारी कंपन्या (इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, एचपी) रेट धरून बसल्या की प्रायव्हेटवाला मधातच लटकते, महाग विकला तर गिऱ्हाईक समोरच्या पंपावर जाते आणि त्याच रेटने विकला तर प्रत्येक लिटरला कंपनीचा लॉस, मग कंपनी माल कमी पाठवते. २००८ मध्ये क्रूड म्हणजे कच्चं तेल भडकलं तेव्हा रिलायन्सने आपले चौदाशेच्या आसपास पंप बंद केले होते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या वेळी प्रायव्हेट कंपन्यांनी पुन्हा माल कमी पाठवला. सरकारी कंपन्यांनाही तेव्हा लॉस झाला, पण घरगुती गॅसच्या तोट्यापोटी केंद्राने त्यांना २२ हजार कोटी दिले. प्रायव्हेटला कोण देते?

उलट बाजू पण सांगतो. सरकारीत जाहिरात निघायची वाट पाहा, मग लॉटरी, मग एनओसीच्या चकरा. आणि पंपवाल्याला लिटरमागे मिळणारं कमिशन त्यांच्या मर्जीचं, २०१७ नंतर ते थेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वाढलं, मधल्या काळात पोरांचे पगार आणि लाईट बिल काही थांबले नाहीत. प्रायव्हेटवाले जागा आवडली तर लवकर हालचाल करतात, ट्रकवाल्यांसाठी स्कीम देतात. बाकी टँकर आला की डेन्सिटी घेणं, डिपला म्हणजे टाकीत घालायच्या मोजपट्टीला पेस्ट लावून पाणी पाहणं, पाच लिटरच्या मापाने मशीन तपासणं, हे दोन्हीकडे सारखंच.

माझं मत विचारलं तर, लोन काढून पंप टाकत असाल तर सरकारीच. सहा महिने पंप कोरडा राहिला तरी हप्ता भरता येईल एवढं पाठबळ असेल आणि जागा ट्रकच्या हायवेवर असेल तर प्रायव्हेटचा विचार करा, पण कंपनी विकली गेली तर करारनाम्याचं काय होते हे वकिलाला दाखवूनच सही मारा.

आमच्या भाच्याचं मात्र वेगळंच निघालं. काल सातबारा पाहिला, त्यावर दोन आत्यांची नावं अजून तशीच आहेत. आता तो पहिले भंडाऱ्याला आत्याकडे जाणार, कंपनीचं नंतर.