मॉरिशसची मेट्रो एक्स्प्रेस: गाडी न घेता राहणाऱ्या जोडप्याचा अभिप्राय

नोकरीच्या निमित्ताने मॉरिशसला राहायला आलेल्या भारतीय जोडप्याला पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘गाडी कधी घेताय?’ प्रश्न गैर नाही. इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, जपानहून आणलेल्या वापरलेल्या गाड्यांची दुकाने जागोजागी दिसतात आणि सहकाऱ्यांपैकी बहुतेकांचे घर ते कचेरी हे येणे-जाणे चारचाकीतूनच होते. आम्ही दोघांनी मात्र गाडी घेतलेली नाही आणि त्याचे श्रेय बव्हंशी मेट्रो एक्स्प्रेसला द्यावे लागेल. किनाऱ्यावरच्या हॉटेलात आठवडाभर उतरणाऱ्या पर्यटकाचा या सेवेशी फारसा संबंध येत नाही, म्हणून हा अभिप्राय इथे बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठीच आहे.

मेट्रो म्हटल्यावर मुंबई किंवा पुण्याची मेट्रो डोळ्यांसमोर आणू नये. ही खरे तर ट्राम आहे. एकमेकांना जोडलेल्या सात भागांची, जमिनीलगत तळ असलेली, स्पेनमधल्या काफ कंपनीने बांधलेली ही गाडी काही ठिकाणी पुलावरून, काही ठिकाणी स्वतःच्या मार्गिकेवरून, तर गावात शिरल्यावर थेट रस्त्यातल्या चौकांतून घंटा वाजवत जाते. मार्गाचे बांधकाम मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने केले आणि त्यासाठी भारत सरकारने मोठे अर्थसाहाय्य दिले. राजधानी पोर्ट लुई ते रोझ हिल हा पहिला टप्पा २०१९ मध्ये तयार झाला, २०२२ मध्ये गाडी क्युरपीपपर्यंत पोहोचली आणि त्यानंतर रोझ हिलहून एबेनमार्गे रेद्वीला जाणारा फाटा सुरू झाला. मुख्य मार्गाची लांबी सुमारे २६ किलोमीटर आहे. या बेटावर १८६४ पासून रेल्वे होती. प्रवासी गाड्या १९५६ मध्ये बंद झाल्या आणि १९६४ मध्ये मालगाड्याही थांबल्या. मेट्रोचा मार्ग पुष्कळ ठिकाणी त्या जुन्या लोहमार्गाच्या जागेवरूनच जातो, त्यामुळे तो गावांच्या कडेने न जाता ऐन वस्तीतून जातो. या सेवेचा सगळ्यात मोठा गुण, माझ्या मते, हाच आहे.

आम्ही रोझ हिलला राहतो. पतींची कचेरी एबेनच्या सायबर सिटीत आणि माझी पोर्ट लुईला असल्यामुळे सकाळी एकाच स्टेशनवर जाऊन आम्ही दोन निरनिराळ्या गाड्यांत बसतो. पोर्ट लुईकडे उतरणाऱ्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूची निवड मी विचारपूर्वक करते, कारण ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या दरीवरचा पूल आणि राजधानीच्या मागे उभी असलेली मोका डोंगररांग पाहायला मिळणे हा या प्रवासाचा आनंदाचा भाग आहे. मॉरिशस म्हणजे सपाट वाळू आणि माड, अशी समजूत करून येणाऱ्याला हे कळायला वेळ लागतो की इथली बरीचशी लोकवस्ती समुद्रकाठी नसून मधल्या पठारावर आहे. क्युरपीप समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि पोर्ट लुई बंदरावर. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, वरून येणाऱ्या गाडीच्या काचांवर पावसाचे थेंब असतात, प्रवाशांच्या अंगात स्वेटर असतात, आणि गाडी पोर्ट लुईत पोहोचेपर्यंत काचा कोरड्या झालेल्या व स्वेटर हातावर आलेले असतात. डब्यातले वातानुकूलन मात्र या फरकाची दखल घेत नाही. हिवाळ्यातही ते असे सोडलेले असते की शाल सोबत ठेवलेली बरी.

स्वच्छतेबद्दल तक्रारीला जागा नाही. फलाट आणि डब्याचा तळ जवळजवळ एका पातळीत असल्याने वृद्ध, बाबागाडी ढकलणाऱ्या आया आणि चाकांच्या पिशव्या ओढणाऱ्या गृहिणी या सगळ्यांची सोय होते. इथे विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठ नागरिकांना सार्वजनिक प्रवास मोफत आहे, त्यामुळे शाळा सुटण्याच्या वेळी गणवेशातल्या मुलांचा असा लोंढा येतो की त्या तासाभरात बसायला जागा मिळेल ही आशा सोडून द्यावी. बाकीच्यांसाठी एमई कार्ड नावाचे, पैसे भरून वापरायचे कार्ड आहे आणि भाडे अंतराप्रमाणे आकारले जाते. बसमध्ये अजूनही कंडक्टर येतो, नाणी-नोटा घेतो आणि कागदी तिकीट फाडून देतो. तेव्हा खिशात कार्डाबरोबर सुटे पैसेही बाळगावे लागतात.

नित्याच्या बाजारासाठी या सेवेचा जेवढा उपयोग होतो तेवढा कचेरीसाठीसुद्धा होत नसेल. क्वात्र बोर्नचा बाजार स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी आणि शनिवारी तिथे भाजीपाला असतो, तर गुरुवारी आणि रविवारी कपड्यांचा बाजार भरतो, आणि हे वार नव्या माणसाने पाठच करून ठेवावेत. शनिवारी सकाळी लवकर गेले तर कारली, दोडकी, दुधी, भेंडी, शेवग्याची पाने आणि निरनिराळ्या पालेभाज्यांच्या जुड्या यांचे ढीग लागलेले दिसतात. इथली बोलीभाषा क्रिओल येत नसली तरी बोटाने दाखवून आणि फ्रेंचमधले आकडे शिकून घेऊन व्यवहार होतो. विक्रेत्यांपैकी अनेकांना हिंदी किंवा भोजपुरी समजते. बाजार आटोपला की तिथेच गरम ढोलपुरी खावी. वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेल्या, कागदासारख्या पातळ दोन पुऱ्या, त्यांच्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, रुगाय नावाचा टोमॅटोचा मसालेदार रस्सा, लोणचे आणि मागाल तेवढी मिरचीची चटणी, असा हा ऐवज कागदात गुंडाळून हातात दिला जातो. पुरणपोळी लाटता येणारी कोणतीही मराठी स्त्री ती पुरी उलटसुलट करून पाहते, सारण कडेपर्यंत कसे गेले याचा अंदाज घेते आणि मगच खाते. मीही याला अपवाद नाही. गाडीत बसण्यापूर्वी ती संपवावी, कारण मिरचीचे तेल कागदातून झिरपून कपड्यांना लागते.

सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून भटकण्यासाठी या मार्गाची दोन्ही टोके कामाची आहेत. पोर्ट लुईच्या व्हिक्टोरिया स्टेशनला उतरून कोदाँच्या धक्क्यावर पायी जाता येते. तिथल्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची मॉरिशसची जगप्रसिद्ध टपाल तिकिटे आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात, तेव्हा जाताना घड्याळ पाहून जावे. एरवी प्रतिकृतींवर समाधान मानावे लागते. तिथून मध्यवर्ती बाजारात जाऊन सब्जा आणि चायना ग्रासचे तुकडे घातलेली थंडगार आलुदा प्यायची आणि पुढे आप्रवासी घाटाकडे चालत जायचे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार-पाच लाख माणसे भारतातून या बेटावर आली आणि त्यांतली बहुतेक या घाटावरूनच पुढे मळ्यांकडे गेली. युनेस्कोने २००६ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दगडी पायऱ्या आहेत केवळ सोळा, आणि जागाही आटोपशीर आहे, पण कोकणातून आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज याच बेटावर जाखडीची गाणी ‘झाकरी’ या नावाने गातात, हे माहीत असलेल्या मराठी माणसाचा पाय तिथून लवकर निघत नाही.

दुसऱ्या टोकाला, क्युरपीपला, त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे विवर आहे. गावापासून चढ चढून जावे लागते, पण रस्ता चांगला आहे. विवर सुमारे ८० मीटर खोल असून आतल्या उतारावर दाट झाडी वाढली आहे, आणि काठावरून चहूकडचे डोंगर दिसतात. दिसतात, असे म्हणायचे ते आकाश स्वच्छ असेल तर. क्युरपीपचे आकाश क्वचितच स्वच्छ असते. माथेरानच्या पावसाळ्याची सवय असलेल्यांना हे गाव आवडेल. गुरुवारी दुपारनंतर मात्र तिथे जाऊ नये, कारण पठारावरच्या गावांत त्या दिवशी अर्धा दिवस दुकाने बंद ठेवण्याची जुनी प्रथा आहे.

आता मुख्य उणीव. मेट्रो किनाऱ्यावरच्या एकाही पुळणीपर्यंत जात नाही आणि विमानतळालाही जात नाही. बेटावर राहायला आलेल्या जोडप्याला समुद्र हवा असतो, आणि त्यासाठी मेट्रोनंतर बस आलीच. फ्लिक-आँ-फ्लाकला जायचे असेल तर क्वात्र बोर्नहून बस मिळते. माहेबुर्गचा सोमवारचा बाजार, त्याच्या पलीकडची ब्लू बे आणि वाटेतला विमानतळ यांच्यासाठी क्युरपीपला बदलावे लागते. उत्तरेकडे, म्हणजे ग्रँड बे किंवा पाँप्लमूसच्या वनस्पती उद्यानाकडे जाणाऱ्या बसगाड्या पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरहून सुटतात. व्हिक्टोरियाला उतरून तिथपर्यंत सामानासह चालायची तयारी हवी. जाताना हे सगळे सुरळीत पार पडते, खरी परीक्षा परतताना असते. अंधार पडला की किनाऱ्याकडच्या बसगाड्या विरळ होतात आणि वेळापत्रकात छापलेली शेवटची बस येईलच याची खात्री नसते. एका रविवारी संध्याकाळी ओल्या टॉवेलांच्या पिशव्या घेऊन आम्ही थांब्यावर तिष्ठत बसलो असताना शेवटची बस आलीच नाही. त्या थांब्यावरच्या दोन स्थानिक कुटुंबांबरोबर पैसे वाटून घेऊन टॅक्सी केली तेव्हा कुठे क्वात्र बोर्नचे स्टेशन गाठता आले. तेव्हापासून आम्ही समुद्रावरचा सूर्यास्त पाहायचा असेल तर मुक्कामाचाच बेत करतो, नाहीतर चारच्या सुमारास निघतो. फ्लिक-आँ-फ्लाक पश्चिमेला असल्यामुळे हा सौदा जरा जड जातो, हे मान्य करायला हवे.

गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी मराठी मंडळी कुटुंबासह विसर्जनाला नदीवर किंवा समुद्रावर निघतात. हे मेट्रोने जमण्यासारखे नाही, त्या दिवशी कोणाच्या तरी गाडीत जागा मागावी, आनंदाने मिळते. चक्रीवादळाच्या मोसमात, म्हणजे ढोबळमानाने नोव्हेंबर ते एप्रिल, हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर लक्ष ठेवावे. इशाऱ्याच्या चार श्रेणी आहेत आणि तिसरी श्रेणी लागू होण्यापूर्वीच घरी पोहोचलेले असावे, कारण त्यानंतर सार्वजनिक वाहतूक थांबवली जाते. कचेऱ्या लवकर सोडल्या जातात तेव्हा सगळे शहर एकाच वेळी स्टेशनवर येते. मी अशा वेळी पहिल्या गाडीत घुसण्याचा हट्ट न धरता पुढच्या गाडीची वाट पाहते, पण सहकाऱ्यांनी निघा म्हटले की काम अर्धवट टाकून निघते.

एकूण सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण संध्याकाळच्या किनाऱ्याबद्दलचा आहे, आणि न्यायाने पाहिले तर त्यातला अर्धा बससेवेच्या खात्यावर टाकायला हवा. भाड्याचे घर शोधणाऱ्यांनी दलाल समुद्राचा देखावा दाखवू लागला तरी आधी स्टेशनपर्यंतचे अंतर विचारावे. दोघांच्या कचेऱ्या पोर्ट लुई आणि एबेन यांच्यात विभागलेल्या असतील तर रोझ हिलसारखी जागा नाही, कारण फाटा तिथेच फुटतो. भाजीबाजार जवळ हवा असेल तर क्वात्र बोर्न बरे. क्युरपीपमध्ये हवा थंड असते हे खरे, पण कपडे वाळत नाहीत. तिथे घर घेतले तर वाळवणीच्या यंत्राचे पैसे हिशेबात धरावेत.