गोल्डन चीता, काही महिन्यांनंतर: सगळं आलं, रविवार सोडून

खात्यातून पैसे कापले जाण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवलंच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ज्याने कोणी सुचवला त्याचं भलं होवो. फेब्रुवारीत तसा मेसेज आला म्हणून सायकलच्या राइड नोंदवणाऱ्या जुन्या ॲपच्या वर्गणीचा नवा आकडा मला दिसला, नाहीतर दरवर्षीसारखे गुपचूप गेलेच होते. ॲपचं नाव लिहीत नाही. जुन्या दरात चालू ठेवता येईल का, असं त्यांच्या चॅटवर विचारलं. पलीकडे माणूस नव्हता, आणि जे होतं ते मला सारखं अभिनंदनच करत होतं. तेवढ्या पैशांत माझ्या सायकलच्या दोन चेन येतात. ई-मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, रद्द केलं आणि लॅपटॉपवर गोल्डन चीता हे सायकलच्या राइडचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

फुकट, मुक्त स्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालणारं, फोनवर नसलेलं. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच. पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरचा जोर मोजणारं यंत्र, माझ्याकडे नाही, त्यामुळे ज्या आलेखांसाठी लोक हे वापरतात त्यातले निम्मे माझ्याकडे रिकामेच असतात. मला हवं होतं एवढंच: जुन्या सगळ्या राइड एका जागी, माझ्या डिस्कवर, आणि आठवड्याचे, महिन्याचे, चेनचे किलोमीटर.

जुना डेटा मागवला की झिप मिळते, तिथवर तक्रार नाही. काही तासांत ईमेलवर लिंक आली. आत एका फोल्डरमध्ये नुसते आकडे नाव म्हणून दिलेल्या फाइली, सोबत एक सीएसव्ही तक्ता. ज्या रूपात राइड चढवली होती त्याच रूपात ती परत मिळते. म्हणजे हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरच्या राइड फिट या प्रकारच्या फाइलींमध्ये, फोनवरच्या जीपीएक्समध्ये, आणि एंडोमोंडो हे आणखी जुनं ॲप २०२०च्या शेवटी बंद झालं तेव्हा तिथून उचलून आणलेल्या सगळ्या टीसीएक्समध्ये. बऱ्याचशा वर परत .gz मध्ये दाबून बसवलेल्या. सेव्हन-झिपने एकदम सोडवल्या.

फिट बिनबोभाट आत गेल्या. जीपीएक्सही. टीसीएक्सला मात्र गोल्डन चीताने एकजात नकार दिला. एकही नाही. आता एंडोमोंडोच्या काळातली माझी पहिली खंबाटकी, पहिला वरंधा घाट, सगळं त्यातच. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितली तर डोळ्याला सगळं ठीक दिसत होतं. शेवटी भाचा घरी आला होता त्याला बसवलं. त्याने पाच मिनिटांत स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मामा, पहिल्या ओळीत आधी दहा स्पेस आहेत. एक्सएमएलची ओळ अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू व्हायला लागते. तिच्याआधी काहीच चालत नाही."

"मग त्यांनी दिल्या कशाला?"

"ते त्यांना विचार."

विचारलं. पुन्हा अभिनंदन. भाच्याने चार ओळींची स्क्रिप्ट लिहून सगळ्या फाइलींच्या पुढच्या रिकाम्या जागा उडवल्या आणि वरंधा घरी आला. पैसे घेणाऱ्या कंपनीला हे जमू नये आणि बारावीतल्या पोराला चहा गार व्हायच्या आत जमावं.

मग नावं. फाइलमध्ये राइडचं नाव नसतं, ते सीएसव्हीत असतं. माझी नावं मराठीत असतात आणि जरा लांब असतात: 'पानशेत, परतीला वारा अंगावर, वडा गार'. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की देवनागरीचा चिखल होतो. ती तशी उघडायचीच नाही. डेटा मेनूतून आत घ्या आणि एन्कोडिंगला यूटीएफ-८ निवडा, किंवा सरळ लिबरऑफिसमध्ये उघडा, ते आधी विचारतं. चिखल झालेली फाइल सेव्ह मात्र करू नका.

आता मूळ दुखणं. नावं राइडला चिकटवायची तर तारीख-वेळेवरून जोडी लावायची. भाच्याने लावून दिली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर बघतो तर काही रविवारच्या राइडवर नावच नाही, आणि त्यांची नावं शनिवारी कुठल्यातरी ऑफिसच्या फेरीवर बसलेली. सगळ्या रविवारी असतं तर समजलो असतो. डिसेंबर-जानेवारीचे रविवार जागेवर होते. मार्च ते मे मधले सरकलेले. उन्हाळ्यात शनिवारी आणि थंडीत रविवारी सायकल चालवणारा माणूस मी नाही.

उकल अशी: सीएसव्हीतली वेळ ग्रिनिचची. आपण साडेपाच तास पुढे. थंडीत मी सहा-सव्वासहाला निघतो, तेव्हा तिकडे रात्रीचा पाऊण वाजलेला असतो, पण तारीख तीच. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत खडकवासला ओलांडायचा म्हणून पाचला निघतो, तेव्हा तिकडे अजून शनिवारच चालू असतो. म्हणजे साडेपाचच्या आधी निघणाऱ्या प्रत्येक भारतीय सायकलवाल्याची राइड त्या तक्त्यात आदल्या दिवशी पडते. देशभर पहाटे पाचला हेल्मेट चढवणारे लोक आहेत, आणि हे एकाही मदत-पानावर लिहिलेलं मला सापडलं नाही.

गोल्डन चीता यात जास्त शहाणं आहे, पण बोलत नाही. ते प्रत्येक राइडची एक जेसन फाइल करतं. फाइलचं नाव आपल्या स्थानिक वेळेचं असतं आणि आत सुरुवातीची वेळ ग्रिनिचची. माझी एक फाइल: नावात २०२३_०४_१६_०५_१०_००, रविवार. नोटपॅडमध्ये उघडली की आत १५ एप्रिल, २३:४०. दोन्ही बरोबर. हे बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला, आणि मी भाच्याला फोन करून म्हटलं, तुझ्या स्क्रिप्टमध्ये साडेपाच तास मिळव. तो म्हणाला, "मामा, मिळवतो, पण मग फोनवरच्या जुन्या राइड बिघडतील." खरं होतं. एका जुन्या फोन ॲपने जीपीएक्समध्ये आपली स्थानिक वेळच लिहून पुढे ग्रिनिचचा शिक्का मारून ठेवला होता. त्या राइड साडेपाच तास पुढे सरकून सिंहगडावर मी भर दुपारी बारा वाजता चढलेला दिसत होतो. मे महिन्यात. त्या वेगळ्या काढून वेगळ्या वळवाव्या लागल्या. हे काम मी तारीखवार, हाताने तपासत केलं आणि बायकोने त्यावर जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

एवढ्यावर संपलं असं वाटत होतं, तर यादीच्या अगदी तळाशी एक राइड ३१ डिसेंबर १९८९ची निघाली. पहाटे साडेपाचची. तेव्हा मी शाळेत होतो आणि सायकल वडिलांची होती. फिटमध्ये वेळ ३१ डिसेंबर १९८९च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजून लिहितात. सायकल कॉम्प्युटरची बॅटरी पार मेलेली असताना आणि उपग्रहाकडून वेळ मिळायच्या आत राइड सुरू झाली की घड्याळ शून्यावरून धावतं. म्हणून मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे साडेपाच. हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही.

ज्यांनी एकाच राइडला फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवले असतील त्यांनी आणखी एक बघा. दोघांची सुरुवात काही सेकंदांनी वेगळी असते, त्यामुळे गोल्डन चीताला त्या दोन राइड वाटतात आणि बेरीज दुप्पट होते. उलट ४००च्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या ४०० किलोमीटरच्या राइडला, माझी बॅटरी रात्री संपली होती आणि एका राइडचे दोन तुकडे झाले होते. ते जोडायची सोय आहे. जोडल्यावर २७ तासांच्या मर्यादेत मी किती वेळ नुसता ढाब्यावर बसलो होतो तेही स्वच्छ दिसतं, त्याला इलाज नाही.

चेन. जुन्या ॲपमध्ये सायकलचा प्रत्येक भाग नोंदवता यायचा आणि किलोमीटर आपोआप चढायचे. सीएसव्हीत सायकलचं नाव येतं, पण चेनचा हिशोब आला नाही. गोल्डन चीतामध्ये राइडच्या माहितीत आपला रकाना जोडता येतो. मी 'चेन' असा केला, प्रत्येक राइडला चेनचा क्रमांक टाकतो, मग त्या क्रमांकाने गाळून बेरीज बघतो. रोज एक आकडा टाइप करावा लागतो, पण हिशोब माझ्या ताब्यात. आकड्यावर फार विसंबतही नाही. बारा इंचांत २४ लिंक बसतात. स्टीलची पट्टी लावायची, चोविसावी पिन बारा इंचाच्या पुढे एक सोळांश सरकली की चेन बदलायची. एक अष्टमांशपर्यंत थांबलात तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रंही, बदलावी लागते आणि मग वर्गणी वाचवल्याचं समाधान तिथेच संपतं.

उंचीबद्दल. जूनमध्ये हा मजकूर पहिल्यांदा लिहिला तेव्हा इथे एक जळजळीत परिच्छेद होता. गोल्डन चीतात राइडची उंची नकाशावरून दुरुस्त करायची सोय आहे. ती वापरून पाहिली आणि कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी हसू आलं: आपण बोगद्यातून जातो, आणि नकाशाला बोगदा माहीत नसल्यामुळे तो आपल्याला डोंगरावरून नेतो. घाटातही तेच. अशा बऱ्याच सोयींमागे २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत केलेली रडार मोजणी असते. तिच्यातला बारीक नकाशाही साधारण ३० मीटरच्या चौकटींचा. घाटरस्ता एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असा कोरलेला. जीपीएस जरा इकडेतिकडे हललं की तुम्ही एकदा कड्यावर, एकदा दरीत, आणि बेरजेत फुकटची चढाई जमा होते. बोपदेव घाट इतका उंच झालेला पाहून मी ती सोय बंद केली आणि कामाची नाही असा शेरा मारला.

तो शेरा मागे घेतो. जुलैत ताम्हिणीला गेलो. ज्यांनी ताम्हिणीचा जुलै पाहिलाय त्यांना पाऊस सांगायला नको. सायकल कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून उंची मोजतो, त्यासाठी खाली सुईच्या टोकाएवढं भोक असतं, आणि त्यात पाणी गेलं. घरी येऊन बघितलं तर घाट चढताना मी सपाटीवर, आणि पौडच्या अलीकडे सरळ रस्त्यावर एकाएकी डोंगर. तिथे नकाशाची दुरुस्ती लावली आणि चढाई पटण्यासारखी निघाली. आता माझा नियम असा: कोरड्या दिवशी कॉम्प्युटरची उंची, पावसात नकाशाची. आणि भोकात सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. कॉम्प्युटर तांदळाच्या डब्यात वगैरे न ठेवता पंख्याखाली पालथा ठेवला तरी पुरतं.

फोटो, कॉमेंट, लाइक यातलं राइडला चिकटून काही आलं नाही. फोटो झिपमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये सुटे पडलेत. सिंहगडाच्या चढावर कितव्या नंबरवर होतो तेही गेलं, आणि तो नंबर असा होता की गेलेलाच बरा. अडचण एकच होते. रविवारी ग्रुपवर सगळे नकाशा आणि वेगाचा रंगीत स्क्रीनशॉट टाकतात आणि मी लॅपटॉप उघडून फोनने स्क्रीनचा फोटो काढून टाकतो, तोही तिरका. परवा एकाने विचारलं, "काका, हे ईसीजी कुणाचं?"

म्हणून जुन्या ॲपचं फुकटचं खातं ठेवलंय. राइड तिथेही जाते, पैसे जात नाहीत.

गोल्डन चीताचा चेहरा मात्र जुन्या सरकारी फॉर्मसारखा आहे. पहिले काही आठवडे कुठलं बटण कुठे हे शोधण्यात गेले. ज्यांना सगळं फोनवर हवं, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे पॉवर मीटर आहे त्यांच्यासाठी यात काय काय आहे ते मी नुसतं बाहेरून पाहतो. माझ्या उपयोगाचं म्हणाल तर वर्षांची तुलना, जी जुन्या ॲपमध्ये पैसे भरल्यावरच दिसायची. सगळा डेटा एका फोल्डरात आहे, महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर टाकतो.

बदलणार असाल तर क्रम पाळा. आधी डेटा मागवा, झिप हातात येऊन सुटेपर्यंत खातं मिटवू नका. टीसीएक्स असतील तर पहिल्या ओळीपुढच्या जागा बघा. मग उन्हाळ्यातली पाच वाजता निघालेली एखादी रविवारची राइड आठवा, कॅलेंडरमध्ये ती कुठल्या वारी पडलीय ते बघा, आणि ती जागेवर असेल तरच नावं चिकटवायला घ्या. स्क्रिप्ट हवी असेल तर भाच्याची आहे, पण सध्या त्याच्या परीक्षा चालू आहेत.