हॉट हॅच विकून मऊ गाडी घ्यावी का? सहा वर्षांनंतरचा रिव्ह्यू, दोन्ही बाजूंनी

आधीच सांगतो, गाडीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की त्या गाडीचे भक्त आणि शत्रू दोघंही धावून येतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. हॉट हॅच, म्हणजे ताकदवान इंजिन टाकलेली छोटी पाच दारांची हॅचबॅक, १.६ लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरचं मॅन्युअल, २०५/४५ आर १७ टायर (२०५ मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या ४५ टक्के, चाक १७ इंची) आणि कंपनीतूनच कडक आणि जरा खाली बसवलेलं सस्पेन्शन. वजन १,२०० किलोच्या आसपास. एवढ्यावरून ज्याला ओळखायची त्याने ओळखावी.

सहा वर्षं चालवली आणि पहिली चार वर्षं मला कोणी विचारलं असतं की यात त्रास काय, तर मी खरंच विचारात पडलो असतो. स्टीअरिंग हलवायचा अवकाश की नाक वळलेलं असायचं, गिअर टाकताना खट्ट करून जागेवर बसायचा, आणि रिकाम्या वळणांच्या रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जो काही आनंद व्हायचा तो शब्दात सांगत बसत नाही, ज्याने घेतलाय त्याला माहितीये. पाचव्या वर्षी काय झालं माहीत नाही, गाडी तीच, रस्ते तेच, पण तासभर चालवून उतरलो की कमरेत हात घालून उभं राहायला लागायचं. खड्डा लांबून दिसला की मी आधीच दात आवळायचो. हे लक्षात आलं तेव्हा म्हटलं आता विचार करायला पाहिजे.

तर मुळात या गाड्या अशा का असतात ते थोडक्यात. रेसिपी जुनीच आहे. १९७६ साली फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय विकायला आली तेव्हा तिच्यात ११० अश्वशक्ती होती आणि वजन जेमतेम ८०० किलोच्या पुढे. लहान अंग, त्या मानाने मोठं इंजिन, कडक स्प्रिंग, बास. आता लहान अंग म्हणजे पुढची आणि मागची चाकं जवळजवळ, त्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर गाडी मान डोलावते. ते डोलणं कमी करायला आणि वळणात झुकू नये म्हणून स्प्रिंग आणखी कडक. साध्या आरामदायी गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला एक-सव्वा वेळा वरखाली होतं, स्पोर्टी गाडीत तेच दीड ते दोन वेळा. ऐकायला फरक एवढासा वाटतो, पाठीला विचारा.

आणि लहान गाडी म्हणजे कडकच असणार असं काही नाही हां. १९४८ ची सिट्रोएन २ सीव्ही बघा, टिनाच्या डब्यासारखी गाडी, पण नांगरलेल्या शेतातून अंडी न फुटता नेता आली पाहिजेत ही अट धरून केलेली, आणि पुढची-मागची चाकं स्प्रिंगने एकमेकांना जोडलेली. वळणात मात्र ती होडीसारखी कलते, फोटो बघून हसू येतं. म्हणजे त्यांनी एक घेतलं आणि एक सोडलं. माझ्या गाडीवाल्यांनी नेमकं उलटं केलं. दोन्ही पाहिजे असेल तर ड्रायव्हिंग मोडप्रमाणे मऊ-कडक होणारे डॅम्पर (म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर) असतात, पण ते माझ्या गाडीत नव्हते आणि ज्यांच्यात आहेत त्यांनी ते बिघडले की बदलायचा खर्च आधी विचारून ठेवावा.

गाडी बदलायच्या आधी मी स्वस्तातले उपाय करायचं ठरवलं आणि पहिल्याच उपायात माझी शोभा झाली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या प्रेशरचं स्टिकर असतं, त्यावर ३३ पीएसआय लिहिलेलं. सकाळी गाडी थंड असताना मोजलं तर चारही टायरमध्ये ४०! सर्व्हिसला गाडी दिली की तिथे कोणीतरी सढळ हाताने हवा भरायचा आणि मी कधी तपासलंच नाही. म्हणजे किती महिने मी सस्पेन्शनला शिव्या घालत होतो आणि त्यातला बराचसा दोष हवेचा होता. गरम टायरवर मोजू नका, थोडं चालवल्यावर प्रेशर तीन-चार पीएसआय तरी चढलेलं असतं आणि मग हिशोब चुकतो.

दुसरा उपाय चाकांचा. १७ ची काढून १६ इंची घेतली, १९५/५५ आर १६. गणित असं की २०५ च्या ४५ टक्के म्हणजे टायरची भिंत ९२ मिलिमीटर, आणि १९५ च्या ५५ टक्के म्हणजे १०७. चाकाची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहते, अर्धा-पाऊण टक्का फरक, त्यामुळे स्पीडोमीटरला धक्का नाही. फक्त लोखंड कमी आणि रबर-हवा जास्त. १५ मिलिमीटरने काय होतंय असं मलाही वाटलं होतं, पण रस्त्याचे जोड, झाकणं, बारीक खड्डे यांवरचा तो जो कडाक्कन आवाज यायचा ना, तो धप् असा झाला. घेण्याआधी मात्र तीन गोष्टी बघा, आतल्या ब्रेकच्या कॅलिपरला चाक घासत नाही ना, टायरवरचा वजनाचा इंडेक्स कंपनीने सांगितलाय त्यापेक्षा कमी नाही ना, आणि हा साइज तुमच्या गाडीला कागदोपत्री मान्य आहे ना. रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील तर त्यांच्या भिंती मुळातच जाड आणि कडक असतात, साधे टायर टाकले तरी बराच फरक पडतो, पण मग पंक्चरचं किट किंवा स्टेपनी जवळ ठेवावी लागेल.

वळणात थोडी धार गेली हे खरं. आधी स्टीअरिंग फिरवलं की लगेच उत्तर यायचं, आता ती "हो, वळते" म्हणून अर्धा क्षण थांबायची. मला चाललं. कंबर दुखायची थांबली.

तर इथे हा रिव्ह्यू संपायला हवा होता. माझा प्रश्न सुटला, गाडी ठेवायची, आनंदीआनंद. पण घरी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं तर बायको म्हणाली, "तुझी कंबर बरी झाली, पण मला मागच्या तीन वर्षांत हायवेवर फोनवर बोलता आलेलं नाही त्याचं काय?" आणि आई काहीच बोलली नाही, जे जास्त वाईट.

मग डोक्यात प्रकाश पडला की कम्फर्ट कम्फर्ट आपण म्हणतो ती एक गोष्ट नाहीच. मला धक्के लागत होते. बायकोला आवाज लागत होता, १०० च्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन जवळपास ३,००० आरपीएमवर गुरगुरत असतं, वर टायरचा आवाज, वर मीच हौसेने टाकून घेतलेला एक्झॉस्ट. आणि आईला लागत होती उंची. गुडघ्यांचं दुखणं, सीट जमिनीला टेकलेली, त्यात स्पोर्ट सीटच्या कडेचा तो फुगीर भाग ओलांडून आत बसायचं आणि उतरताना दाराला धरून स्वतःला बाहेर ओढायचं. स्प्रिंग कितीही मऊ केली तरी यातलं काही सुटणार नव्हतं. सहा वर्षं ती "मी घरीच बरी आहे रे" म्हणत होती आणि मला वाटायचं तिला फिरायला आवडत नाही.

टेस्ट ड्राइव्ह सुरू केल्या. शोरूमची पंधरा मिनिटांची चक्कर ही निव्वळ फसवणूक असते, कारण ते गुळगुळीत रस्त्यावरूनच नेतात, तुम्ही तुमच्या रोजच्या खराब रस्त्याचा हट्ट धरा. पहिली बघितली इलेक्ट्रिक. शांतता अशी की बायको तिथल्या तिथे सही करायला तयार. पण बॅटरी खाली असल्यामुळे मागची जमीन उंच, आईचे गुडघे छातीकडे आले आणि तिथेच विषय संपला. (सगळ्याच इलेक्ट्रिक अशा नसतात, बसून बघा.) दुसरी एक मोठी हॅचबॅक, सगळं चांगलं, काहीच आठवत नाही.

तिसरी मध्यम क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी उंच गाडी. आणि इथे एक गंमत. त्यांनी दाखवली टॉप मॉडेल, २२५/५५ आर १९ ची चाकं, सनरूफ, सगळा थाट. खराब रस्त्यावर घेतली तर चाकाचा जड धक्का आत येतोय! म्हटलं यासाठी माझी गाडी विकू? मग मागे लागून त्याच गाडीचं खालचं मॉडेल चालवलं, २२५/६५ आर १७. टायरची भिंत १२४ ऐवजी १४६ मिलिमीटर, चाक हलकं. तोच रस्ता, तेच खड्डे, गाडी जणू वेगळीच. सेल्समन म्हणत होता, "सर, यात लूक नाही." नसू दे बाबा. आरामासाठी गाडी घेणाऱ्याने टॉप मॉडेल घ्यायलाच पाहिजे असं नाही, उलट चाकांचा साइज आधी विचारावा.

तरी निर्णय होईना म्हणून तीच गाडी दोन दिवस भाड्याने घेतली. हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. पहिल्या दिवशी तासाभरात आई मागून म्हणाली, "अरे थांब जरा, पोटात ढवळतंय." मला वाटलं झालं, मऊ गाडी डोलते आणि डोलली की मळमळतं, हे तर ठरलेलंच. पण थांबल्यावर लक्षात आलं की मी ही गाडी माझ्या गाडीसारखी चालवत होतो. वळणाच्या तोंडाशी जाऊन ब्रेक, मग एकदम स्टीअरिंग, मग लगेच अॅक्सिलरेटर. लहान कडक गाडीत हे खपून जातं कारण ती फारशी झुकतच नाही, दीड टनाच्या उंच गाडीत मागे बसलेला माणूस घड्याळाच्या लंबकासारखा हलतो. दुसऱ्या दिवशी लांबून ब्रेक, वळण सावकाश, गिअर ऑटोमॅटिकच्या मर्जीवर. तीन तासांचा प्रवास. अर्ध्या वाटेत आरशात बघितलं तर आई झोपलेली, तोंड किंचित उघडं, मान सीटवर टेकलेली. माझ्या गाडीत ती सहा वर्षांत एकदाही झोपली नव्हती, वरचं हँडल धरून बसायची.

बायकोने काही न बोलता माझ्याकडे बघितलं. ठरलं.

आता क्रॉसओव्हर घेऊन आठ महिने झालेत, तर तिचंही खरं खरं सांगतो. पेट्रोल जास्त पिते. टायर महाग. पार्किंगला जिथे मी एका झटक्यात घुसायचो तिथे आता आरसे मिटून, श्वास रोखून, कॅमेऱ्यात बघत. स्टीअरिंग हलकं आहे आणि खाली काय चाललंय ते काही म्हणता काही सांगत नाही, पावसात चाक घसरायला लागलं तर पहिल्या गाडीत तळहाताला आधी कळायचं, इथे डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला की कळतं. ओव्हरटेक करताना आधी विचार करायला लागतो. ताकद मला वाटलं होतं तेवढी आठवत नाही, गिअरचा दांडा मात्र आठवतो, अजून कधी कधी डावा पाय नसलेला क्लच शोधतो. पण ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून घरी आलो की मी चिडलेला नसतो, आणि रात्री उशिरा घरी येताना गाडीत चौघं असतील तर तिघं झोपलेले असतात. ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरवालं घेतलंय, रांगेत सरकताना गुळगुळीत चालतं, ड्युअल क्लचवाल्या एकीने टेस्टमध्ये त्याच वेगाला हिसके दिले होते.

एक प्रश्न स्वतःला विचारला होता तो इथे लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडला तर. गेल्या वर्षभरात मी हॉट हॅच वळणांच्या रस्त्यावर, एकटा, फक्त मजेसाठी किती वेळा नेली? आठवून आठवून चार. आणि चार म्हणताना त्यातली एक मी थोडी ओढूनताणून धरली होती. तुमचं उत्तर वीस असेल तर माझा रिव्ह्यू विसरा, प्रेशर तपासा, १६ ची चाकं टाका आणि गाडी ठेवा. घरात दोन गाड्या परवडत असतील तर मग हा सगळा प्रश्नच नाही, मला परवडत नव्हत्या. आणि गाडीचे डॅम्पर जुने होऊन गळत असतील, वरचे माउंट किंवा बुश (सस्पेन्शनच्या जोडांतले रबर) गेले असतील, तर आधी ते बदलून मगच निर्णय घ्या, झिजलेल्या गाडीवरून त्या जातीच्या गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी एका पंचविशीतल्या मुलाने घेतली. बघायला आला तेव्हा मी त्याला १६ च्या चाकांचं सगळं गणित समजावलं, ९२ आणि १०७, आवाज कसा कमी झाला, कंबर कशी थांबली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, १७ ची ओरिजिनल आहेत ना अजून?" जाताना तीच लावून गेला. १६ ची चारही माझ्याकडे पडून आहेत, टायर जवळजवळ नवे, कोणाला हवी असतील तर बघा.