राउटर सेट करायचा: वेब पेजवरून की कमांड लाईनवरून?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एकच राउटर आणि त्यावर घरातले मोबाईल, टीव्ही एवढंच असेल, तर वेब पेज पुरे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा 192.168.1.1, टाकायचा, वायफायचा पासवर्ड बदलायचा, सेव्ह करायचं, विषय संपला.

कारखाना शिरोली एमआयडीसीत, ऑफिस शाहूपुरीत आणि दोन्हीकडे राउटर असतील, तर माझा कौल स्पष्टपणे कमांड लाईनला, म्हणजे मेनूंऐवजी कमांड टाईप करण्याला.

वेब पेजवर सेटिंग्ज ढीगभर मेनूंमध्ये विखुरलेली असतात. कुणी काय बदललं हे शोधताना नाकीनऊ येतात. सिस्को कंपनीच्या राउटरवर ‘शो रनिंग-कॉन्फिग’ किंवा मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर ‘एक्स्पोर्ट’ दिलं की सगळी मांडणी साध्या मजकुरात समोर येते. ती फाईल जपून ठेवा, पुढच्या वेळी जुनीशी ताडून बघा, बदललेली ओळ लगेच सापडते. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पुरात राउटर बुडतो, वळवाच्या विजांनी त्याचे पोर्ट (केबल लावायच्या जागा) जळतात ते वेगळंच. अशा वेळी त्याच मॉडेलचा नवा राउटर आणून तो मजकूर पेस्ट करायचा, पासवर्ड तेवढे तपासून पुन्हा द्यायचे, की फायरवॉलचे (नको ती कनेक्शन्स अडवण्याचे) नियम जागच्या जागी. वेब पेजवरही बॅकअपचं बटण असतं, पण घरगुती राउटरची ती फाईल सहसा उघडून वाचता येत नाही.

राउटरचा आयपी पत्ताच चुकला तर वेब पेज उघडणार कुठून? कन्सोल केबल, म्हणजे कॉम्प्युटर थेट राउटरला जोडणारी केबल, तेव्हाही चालते. कॉम्प्युटरवरच्या पुटी या प्रोग्रॅममध्ये सिरीयल निवडायचं, सिस्कोला बहुधा 9600 स्पीड, आणि तुम्ही आत.

धोका मात्र खरा आहे. सिस्कोवर एंटर दाबताच बदल लागू होतो. शाहूपुरीत बसून शिरोलीच्या राउटरला चुकीची ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं याची यादी) लावलीत, तर तुमचंच कनेक्शन तुटतं आणि पंचगंगेचा पूल ओलांडून जावं लागतं. म्हणून आधी चालू कॉन्फिग (सेटिंग्जची मांडणी) सेव्ह करा, मग ‘रीलोड इन 10’ द्या. काम बिघडलं, तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. जमलं, तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि लगेच ‘राइट मेमरी’. ही शेवटची कमांड राहिली, तर पुढच्यांदा लाईट गेल्यावर सगळे बदल पुसले जातात. मायक्रोटिकला यासाठी सेफ मोड आहे, तो विनबॉक्स या त्यांच्या माऊसने चालणाऱ्या प्रोग्रॅममधूनही लावता येतो. माऊसची सवय सुटत नसेल त्यांना विनबॉक्स हा चांगला मधला मार्ग.

ऑफिसात हे बघणारं कुणीच नसेल, अकाउंटंटलाच राउटर सांभाळायचा असेल, तर हट्ट नको, वेब पेजच ठेवा. शिकायची तयारी असेल, तर सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या नकली नेटवर्कच्या प्रोग्रॅमवर फुकट सराव होतो. आणि खऱ्या राउटरवर पहिल्याच दिवशी दुरून जोडणीसाठीचं टेलनेट बंद करून त्याऐवजी एसएसएच चालू करा. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, एसएसएचवर तो झाकून जातो.