परदेशी पाहुण्यांना सराफ्यात नेताना: इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीचा परखड आढावा

इंदुरात पाहुण्याच्या हाती एकच रात्र असेल तर ती सराफ्यातच घालवावी. पण पहिल्यांदाच भारतात आलेल्या माणसाला शनिवारी रात्री साडेअकराला तिथल्या रेटारेटीत उभं करायचं आणि हातात आधी पाणीपुरी द्यायची, म्हणजे त्याचे पुढचे दोन दिवस हातचे गेले. मांडू राहतं, महेश्वर राहतं आणि पाहुणा हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रॉल पीत बसतो. यात सराफ्याचा दोष नसतो, वेळ आणि खाण्याचा क्रम चुकलेला असतो. लेकाचा जर्मन सहकारी, भाचीचा अमेरिकन नवरा, कुणाची फ्रेंच मैत्रीण असे पाहुणे इंदूरच्या मराठी घरांतून आता नेहमी येतात. त्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आणि एकट्याने जाणाऱ्या पाहुण्यांसाठीही हे लिहिलं आहे.

सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच पेढीचा ओटा खाण्याच्या गाडीला. दुकानं आठ-साडेआठला बंद व्हायला लागतात, मग कढया, तवे, सिलिंडर येतात. रात्री वर्दळ राहिली की दुकानांना आपोआप राखण मिळते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं असं जुनी मंडळी सांगतात. साडेनऊपर्यंत बहुतेक गाड्या लागलेल्या असतात, अकरा ते एक ही खरी गर्दीची वेळ आणि दोनच्या सुमारास आवराआवर. पाहुण्यांसाठी मंगळवार ते गुरुवार, रात्री साडेनऊ ते अकरा ही वेळ सगळ्यांत बरी. तेल ताजं असतं, तळणाऱ्याला दोन शब्द बोलायला उसंत असते आणि गल्लीतून धक्का न खाता चालता येतं. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळलेला बरा. साताला जाऊन उपयोग नाही, तेव्हा तिथे फक्त सोनं मिळतं.

पोचणं सोपं आहे. विमानतळावरून राजवाडा साधारण आठ किलोमीटर, रेल्वे स्टेशनवरून दोन-तीन. टॅक्सीत पत्ता ‘राजवाडा’ असाच टाकावा, ‘सराफा’ टाकू नये. सराफा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आहे आणि तिथे गाडी शिरत नाही. नकाशावरची खूण गल्लीच्या मध्यावर पडली की चालक भलत्याच बाजूला थांबतो आणि फोनवर दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. परतताना तर हे हमखास होतं. म्हणून गाडी बोलवण्याआधी चालत राजवाड्यासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर यावं आणि मग बटण दाबावं. आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांनी ती लांब लावून शेवटचा टप्पा पायी करावा.

आता पैसे. गाड्यांवर सगळीकडे क्यूआर कोड लावलेला असतो, पण परदेशी बँकेचं कार्ड त्यावर चालत नाही. पासपोर्ट-व्हिसा दाखवून परदेशी नागरिकांना यूपीआयचं पाकीट काढता येतं, ते ज्याने आधीच काढलंय त्याला अडचण नाही. एका रात्रीसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा 10, 20, 50 आणि 100 च्या नोटा मिळून हजारभर रुपये खिशात ठेवावेत. बहुतेक बशा 50 ते 100 रुपयांच्या आसपास असतात. 500 ची नोट दहीवड्याच्या गाडीवर दिली तर सुट्ट्यांसाठी मागची रांग खोळंबते.

आता मुद्द्याचं, म्हणजे खाणं. सगळा सराफा शाकाहारी आहे, तेव्हा मांसाची धास्ती नको. परदेशी पोटाची खरी अडचण दोनच गोष्टींशी: पाणी आणि मिरची. पाण्याचं उत्तर सरळ आहे. जे डोळ्यांदेखत तव्यावरून किंवा कढईतून निघतं ते खावं. पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, पातळ हिरवी चटणी, उघड्या भांड्यातलं ताक पहिल्या रात्री नको. पाणीपुरीच्या गाडीवर वेगवेगळ्या चवींची पाणी मांडलेली असतात आणि पाहुणे नेमके तिथेच खेचले जातात. तिथून त्यांना गोडीने पुढे न्यावं. चार-पाच दिवस भारतात काढून पोट रुळलं असेल तर गोष्ट वेगळी.

मिरचीचं थोडं समजून घ्यावं लागतं. सराफ्यातले काही पदार्थ असे आहेत की त्यात मिरची आधीच शिजलेली असते, तर काहींवर ती शेवटी भुरभुरतात. ‘कमी तिखट’ हे दुसऱ्या प्रकारातच शक्य आहे. भुट्ट्याचा कीस पहिल्या प्रकारातला. कोवळं कणीस किसून तुपात जिरं-मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीवर परततात, मग दूध घालून मंद आचेवर घोटत राहतात. मोठ्या परातीएवढ्या कढईत तो कालथ्याने सतत उलटला जातो, कडेची खरपूड खरवडून परत मधे ओढली जाते, आणि बाजूने तूप सुटायला लागलं की तयार. द्रोणात घालून वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. सराफ्यातला हा सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत इंदुरी पदार्थ आहे, पण मिरची त्यातून काढता येत नाही. एक द्रोण चौघांत घ्यावा. कढईतला कीस कोरडा, गोळे झालेला दिसला तर तो बराच वेळ नुसता गरम ठेवलेला आहे, तिथे घेऊ नये. चांगला कीस चमच्यावरून सैलसर घसरतो.

गराडू दुसऱ्या प्रकारातला, आणि हिवाळ्यात पाहुणा आला असेल तर सुरुवात यानेच करावी. हा कंद थंडीतच मिळतो. आधी एकदा तळून ठेवलेले तुकडे मागणी आली की पुन्हा कढईत सोडतात, बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे होतात, मग त्यावर जिरावण आणि लिंबू. जिरावण म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, लाल मिरची वगैरेंची आपल्याकडची पूड, पोह्यांवर घालतात तीच. ती शेवटी पडते, म्हणून ‘भिया, मिर्च-मसाला कम’ एवढं म्हटलं की काम होतं. लिंबू मात्र सोडू नये. कच्चट राहिलेला गराडू घशाला खाजतो, लिंबाने ते मारलं जातं. तुकडा मधे पांढरट, टणक लागला तर परत कढईत टाकायला सांगावा.

साबुदाण्याची खिचडी महाराष्ट्रातून आलेल्यांनाही नवी वाटते. इथे साबुदाणा तुपात परतत नाहीत, वाफेवर मऊ करतात आणि प्रत्येक बशी वेगळी कालवतात: दाण्याचं कूट, मीठ, मिरची, लिंबू, कोथिंबीर, वरून बटाट्याचा फराळी चिवडा. बशी तुमच्यासमोर कालवली जात असल्याने मिरची शून्यावर आणता येते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचं पोट याच गाडीवर भरावं.

दहीवड्याची गाडी बघण्यासाठीच लोक थांबतात. जोशी दहीबडा हाऊसमध्ये दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. दही सांडत नाही कारण ते घट्ट असतं. मग एकाच चिमटीतून मसाले एकेक करून वेगळे सोडण्याचं कसब. कॅमेरा आधी तयार ठेवायला सांगावं, सगळं काही सेकंदांत उरकतं. दही गोडसर असतं, त्यामुळे किसानंतर तोंडाची आग इथे शांत होते. क्रम असा ठेवला तर पाहुणा चारही पदार्थ सुखाने खातो: खिचडी किंवा गराडू, मग कीस, मग दहीवडा, शेवटी गोड.

गोडात जलेबा. ही अडीचशे-तीनशे ग्रॅमची एक जिलेबी, चार माणसांना पुरते. गरम पाकातून निघालेलीच घ्यावी, थाळ्यात रचून ठेवलेली दहा मिनिटांत मऊ पडते आणि मजा जाते. रबडी बरोबर घेतात, पण आधी नुसता तुकडा खाऊन बघायला द्यावा. शिकंजीबद्दल एक खुलासा पाहुण्यांना आधीच द्यायला हवा. उत्तर भारतात शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची, जवळजवळ पातळ बासुंदीसारखी आणि किंचित आंबूस. ‘लेमोनेड’ समजून भरलेल्या पोटावर पूर्ण ग्लास मागवला की तो अर्धा टाकावा लागतो.

ॲलर्जी असलेल्यांनी मात्र सराफ्यात जपून. शेंगदाणे खिचडीत आहेतच, शिवाय एकाच कढईत काय काय तळलं जातं याचा भरवसा देता येत नाही, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी तीव्र असेल तर तळलेलं सगळंच वर्ज्य. काजू-बदाम शिकंजीत आणि बहुतेक मिठायांत. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांना कीस, गराडू बिनधोक वाटतात, पण बाजारच्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं आणि हिंग जिरावणात, फोडणीत सगळीकडे. हे गाडीवाल्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं, ‘इसमें गेहूँ नहीं है’ असं तो मनापासून सांगतो. अशा पाहुण्याला घरी साजूक तुपात, बिनहिंगाचा कीस करून घालावा, तो जास्त लक्षात राहील.

बसायची सोय जवळपास नाही. उभ्याने किंवा बंद पेढीच्या पायरीवर टेकून खायचं. उकळतं तेल कोपराच्या उंचीवर असतं, म्हणून पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवर ठेवावी. वळताना ती कुणाला किंवा कढईला लागते. पायात बंद बूट हवेत. चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा गुडघे दुखणाऱ्या पाहुण्याला हट्टाने इथे आणू नये. त्यांच्यासाठी न्यू पलासियातलं छप्पन दुकान आहे. रस्ता रुंद, सपाट, वाहनांना बंद, बसायला बाक, आणि ते दिवसाही चालू. तिथली खाण्याची मजा थोडी कमी, पण संध्याकाळी साताला जेवणाऱ्या म्हाताऱ्या पाहुण्यांना तीच वेळ मानवते.

खरकटा द्रोण हातात धरून डबा शोधायचा, हे पाहुण्याला आधी सांगावं. 2017 पासून देशातल्या स्वच्छ शहरांत इंदूर सलग पहिलं येत राहिलं ते या सवयीवर. ओला-सुका डबा वेगळा असतो, आणि द्रोण खाली टाकला तर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसच टोकतो. स्वच्छतागृह हॉटेलवरून निघतानाच वापरावं, गल्लीत शोधत फिरणं नको.

एकट्या बाईला रात्री इथे यायला हरकत नाही. बाराला सुद्धा आजी, सून, नातवंडं अशी अख्खी घरं दहीवड्याच्या रांगेत असतात. गर्दीच्या तासात पर्स पुढे घ्यावी आणि फोन मागच्या खिशात ठेवू नये, इतकंच.

गुण द्यायचे तर चवीला पाचपैकी पाच, मोलाला पाच, स्वच्छतेला चार, बसण्या-उठण्याला एक.

आठवण म्हणून न्यायला जिरावणचं बंद पाकीट उत्तम. वजनाला हलकं, महिनोन्महिने टिकतं, आणि उकडलेल्या बटाट्यावर, भाजलेल्या कणसावर जगात कुठेही चालतं. छापील लेबल असलेलंच घ्यावं, सुटी पुडी विमानतळावर उघडायला लावतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी ते उतरताना फॉर्मवर लिहायलाच हवं, नाहीतर दंड होतो. माव्याची मिठाई बांधून देऊ नये, दुसऱ्या विमानापर्यंतच ती आंबते.